ऊब वर चढेपर्यंत

मोटारीच्या ड्रायव्हरला लोक एकच प्रश्न विचारतात, सगळ्यात जोरात किती पळवली? मी नाशिक–वणी रस्त्यावर उतारूंची सर्व्हिस मोटार चालवत होतो, तो काळ एकोणीसशे तीसनंतरचा. त्या रस्त्यावर पळवण्यासारखं काही नव्हतं. खडीचा रस्ता, मध्ये बैलगाड्या, आणि मोटार दिसली की बाजूला होण्याऐवजी मधोमध उभं राहून तिच्याकडे बघत बसणारी माणसं. या अंकाच्या संपादकांनी मला गमतीचे अनुभव लिहायला सांगितलं. गमती आहेत, एखादी सांगतोही. पण लिहायला बसलो की मन रस्त्याला लागतच नाही. मोटार अजून वणीच्या चिंचेखाली उभीच असते, थंडीचे दिवस असतात, आणि मी तिच्या रेडिएटरवर तळहात ठेवून थांबलेला असतो.

आता बटण दाबलं की गाडी सुरू होते. तेव्हा हँडल मारावं लागे. गाडीच्या तोंडापाशी वाकून, लोखंडी हँडल खालून वर ओढायचं. अंगठा मात्र बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, मुठीत वळवायचा नाही, कारण इंजिन कधी कधी उलटा झटका देतं. दिंडोरीचा एक पैलवान रोज आम्हाला हसायचा. ‘‘एवढंसं हँडल, त्याला घाम काय गाळता? सरका.’’ माझ्या जोडीला क्लीनर म्हणून गफूरभाई होते. वयाने माझ्याहून बरेच मोठे, बोलण्यात त्याहून मोठे. ते म्हणाले, ‘‘पैलवान, अंगठा बाहेर ठेवा.’’ पैलवान म्हणाला, ‘‘अंगठा बाहेर ठेवून कुस्ती होते का?’’ हँडलने त्याला असा चितपट केला की पुढे कित्येक दिवस तो गळ्यात हात बांधून हिंडत होता. गफूरभाई त्याला रोज विचारत, ‘‘पैलवान, आज कुणाशी जोड?’’

पण हँडल मारणं हे सोपं काम. खरं काम इंजिन सुरू झाल्यावर असे, आणि ते काम म्हणजे काही न करणं. ते बाहेरच्या माणसाला समजावून सांगितल्याशिवाय माझी गोष्ट कळायची नाही.

इंजिनाच्या पोटात जे दांडे फिरतात त्यांच्या सांध्यांना मऊ पांढऱ्या धातूचं अस्तर असतं. त्याला बेअरिंग म्हणतात. पोलाद त्याच्यावर कोरडं घासलं तर अस्तर वितळून जातं आणि गाडी जागच्या जागी बसते. म्हणून मध्ये तेलाचा पापुद्रा लागतो. आमच्या गाडीत तेल वर चढवायला पंप नव्हता. तळाशी परातीसारख्या डब्यात तेल असे. दांडा फिरताना त्यात पळीसारखा बुडायचा आणि तेल उडवायचा. जे उडेल ते सांध्यांना मिळेल, असा सगळा मामला. उन्हाळ्यात काही अडचण नसे. पण पौषात रात्रभर उघड्यावर राहिलेल्या गाडीचं तेल सकाळी काकवीसारखं होतं. पळी फिरते, तेल उडत नाही. इंजिन चालू असतं, आवाजही करतं, बघणाऱ्याला वाटतं झालं, निघा आता. आणि आत सगळं कोरडं असतं. त्या वेळी गाडीवर माणसांचा बोजा घालून चढ चढायला लावला, तर तिला मारून टाकल्यासारखंच.

म्हणून थांबायचं. रेडिएटरवर गोणपाट टाकायचं, इंजिन हळू चालू ठेवायचं आणि वाट बघायची. आम्ही आणखी एक करायचो. रात्रीचं गार पाणी खालच्या तोटीतून सोडून द्यायचं आणि चहावाल्याकडून गरम पाणी घेऊन हळूहळू आत ओतायचं. पण ती उसनी ऊब. लोखंड ती गिळून टाकतं आणि रेडिएटरची वरची टाकी पुन्हा गार पडते. ती इंजिनाच्या स्वतःच्या उबेने तापावी लागते. पाण्यालाही पंप नव्हता. तापलेलं पाणी हलकं होऊन आपलं आपण वर चढे, गार झालेलं आपलं आपण खाली उतरे. कुणी ढकलत नाही, कुणी ओढत नाही. वरच्या टाकीवर तळहात ठेवला की आधी नुसतं गार पत्र्याचं चटका दिल्यासारखं लागणं, मग काहीच न लागणं, आणि मग एका क्षणी, जणू आत कुणी जागं झालं, अशी ऊब हाताला येऊन टेकते. त्याच सुमाराला इंजिनाचा आवाज बदलतो. कोरडी टकटक जाऊन दही घुसळल्यासारखा मऊ होतो. इतकी वर्षं झाली, हजारो सकाळी मी ते पाहिलं, पण एकदाही मला त्याची सवय झाली नाही. देवळात जे वाटायला हवं आणि नेहमी वाटतंच असं नाही, ते मला तिथे वाटायचं.

लोकांना अर्थातच यातलं काही वाटत नसे. नाशकात पंचवटीला आमच्या शेजारी टांगे उभे राहत. टांगेवाले ओरडायचे, ‘‘काय सदुभाऊ, नवरीला न्हाऊ घालताय का? आमच्या घोड्याला नुसतं च्यक केलं की पुरे!’’ गफूरभाई उत्तर द्यायचे, ‘‘तुमचा घोडा रात्रभर गवत खातो. आमची उपाशी झोपते.’’ असं सगळं हसतखेळत चाले. थांबणं हा माझ्या अभिमानाचा भाग झाला होता. आमच्याच मार्गावरची दुसरी एक मोटार आदल्या हिवाळ्यात घाईने काढली, ती वणीबाहेरच्या ओढ्यापलीकडच्या चढावर बसली. उतारू गाठोडी डोक्यावर घेऊन दिंडोरीच्या दिशेने चालू लागले. मी त्यांच्या शेजारून गाडी नेली. मला त्यांची कीव आली, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त गर्व वाटला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात ती सकाळ आली.

मुक्कामाची गाडी वणीला असे आणि पहाटेला पहिली फेरी नाशकाची. त्या वर्षी थंडी इतकी होती की शिवारात हरभरा जळाला होता. उजाडण्याआधीच मी आणि गफूरभाई गाडीपाशी आलो, तर सीट ओलीगार आणि काचेवर दव गोठल्यासारखं बसलेलं. उतारू चारसहा होते, घोंगड्या पांघरून गाडीत जाऊन बसले. त्यांत मामलेदार कचेरीतले एक कारकून होते. चहावाल्याने नुकतीच चूल पेटवली होती आणि त्याच्या एकुलत्या एका मोठ्या तपेल्यात पाणी चढवलं होतं.

तेवढ्यात डोंगराच्या अंगाने चार माणसं एक बाज खांद्यावर घेऊन आली. बाजेवर गोधड्यांखाली एक बाई होती. तिचा आवाज ऐकूनच गाडीतले उतारू बाहेर डोकावले. बाजेबरोबर एक म्हातारी धावत होती, तिच्या पायात काही नव्हतं. ती सरळ माझ्याकडे आली.

‘‘डायवरदादा, नाशकाला न्यायाची. माझी सून हाय. आडलीय. लेकरू आडवं हाय पोटात. म्या सुईन हाय, मला कळतंय, माझ्या हातचं नाय राह्यलं आता.’’

‘‘नेतो मावशी, नेतो. आत घ्या तिला.’’

उतारूंनी न सांगता गाडी रिकामी केली. मागची बाकं काढून बाज आत सरकवली. बाजेच्या डोक्याकडे म्हातारी, पायाकडे तिचा मुलगा, त्या बाईचा नवरा. मी हँडलला हात घातला तर ते हलेना. तेल एवढं घट्ट झालं होतं की इंजिनाला आतून कुणी धरून ठेवलं आहे असं वाटावं. गफूरभाईंनी आणि मी आळीपाळीने मारलं. काही नाही. एक फुसका आवाजही नाही.

मी चहावाल्याकडे वळलो. ‘‘पाणी दे सगळं.’’

म्हातारी त्याच वेळी गाडीतून उतरली होती. तिच्या हातात फडकी होती. ‘‘ते पाणी मला पायजे. तिची कंबर शेकायची हाय. लय कळा हायेत, कंबर धरली तिनं.’’

तपेलं एकच. चहावाला ते पकडीने धरून उभा, एकदा माझ्याकडे बघे, एकदा तिच्याकडे. मी म्हणालो, ‘‘मावशी, हे हिच्यात घातलं तर गाडी सुरू होईल. नाहीतर मला भरवसा नाही.’’

तिने आत बघितलं. सून ओठ दाताखाली धरून छताकडे बघत होती. म्हातारीने माझ्याकडे तोंड फिरवलं. ‘‘हिला पाजलं तर चालंल ही?’’

‘‘चालेल.’’

‘‘मंग पाज हिला.’’ आणि ती फडकी खांद्यावर टाकून आत गेली. आत ती सुनेला म्हणाली ते मला ऐकू आलं. ‘‘गंगे, पानी मोटारीला दिलं बाई. तू माझा हातच घे.’’

गार पाणी सोडलं, गरम ओतलं. वाफ वर आली. उलटा झटका बसू नये म्हणून स्पार्कची दांडी मागे घेतली, पेट्रोल जास्त यावं म्हणून चोक ओढला, हँडल मारलं. दोनतीन खेपांनी इंजिन धरलं. आजवर इतक्या सकाळी ते धरताना ऐकलं होतं, पण त्या दिवशी गोठलेल्या काळोखात तो पहिला स्फोट झाला तेव्हा अंगावर काटा आला. उतारूंनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

‘‘चला, चला!’’ नवरा ओरडला. ‘‘हाका आता!’’

मी हाकली नाही.

इंजिन खडखडत होतं. कोरडं. मला कानाने कळत होतं की आत अजून तेल पोचलेलं नाही. गावाबाहेर ओढा, ओढ्यापलीकडे चढ, आणि त्या चढावर आदल्या वर्षी बसलेली ती मोटार माझ्या डोळ्यांसमोर होती. तिथे बसली असती तर आडरानात, खाटेवरच्या बाईसह. वाटेत दुसरी गाडी नाही, मदत नाही. मी रेडिएटरवर गोणपाट नीट केलं, हात आत घातला आणि वरच्या टाकीवर ठेवला. गार.

‘‘आरं, चालू झाली ना? मंग उभी का?’’

‘‘तापू दे. थोडं तापू दे, भाऊ.’’

‘‘तापू दे? माझी बायको मरायला लागलीय अन् तू तापू दे म्हणतो?’’ तो उतरून माझ्या अंगावर आला. गफूरभाई मध्ये उभे राहिले. ‘‘भाई, याला हौस नाही थांबायची. आत्ता काढली तर टेकडीवर मरेल गाडी. मग तू खांद्यावर नेणार का नाशकाला?’’

कारकुनाला राहवलं नाही. ‘‘अहो सदाशिवराव, माणूस तळमळतंय आणि तुम्ही यंत्राला शेकताय! काय म्हणावं याला?’’

हात टाकीवर ठेवून मी उभा होतो. गाडीतून त्या बाईची किंकाळी आली, मग बराच वेळ काहीच नाही, ते किंकाळीहून वाईट. किती वेळ थांबलो? लोक मला विचारतात तेव्हा मी काहीतरी सांगतो. खरं म्हणजे मला माहीत नाही. घड्याळ कारकुनाच्या खिशात होतं आणि मी त्याच्याकडे बघायला धजलो नाही. उजाडलं नव्हतं तेव्हा सुरुवात केली आणि डोंगराच्या कडेला तांबडं दिसायला लागलं तेव्हा संपलं, एवढं आठवतं.

सगळा वेळ गाडीच्या बाजूच्या कॅनव्हासच्या पडद्याच्या फटीतून त्या म्हातारीचे डोळे मला दिसत होते. ती माझ्या हाताकडे बघत होती, चेहऱ्याकडे एकदाही नाही. तिचा स्वतःचा हात गोधडीखाली सुनेच्या पोटावर होता.

आणि मग ऊब आली. टाकी आतून जागी झाली, आवाज मऊ झाला. आता जे लिहितो ते लिहायलाच मी खरं तर बसलो. त्या क्षणी मला आनंद झाला. मागे एक बाई मरणाच्या दारात होती, तिचा नवरा रडत होता, आणि माझ्या छातीत रोजच्यासारखं भरून आलं, की वा, काय इंजिन आहे. क्षणभर मी त्या बाईला विसरलो होतो.

गोणपाट फेकलं आणि निघालो. कारकुनाने धावत येऊन आपल्या अंगावरची लोकरीची धाबळी आत टाकली. ओढा, चढ, दिंडोरी, सगळं मागे गेलं. गाडी एकदाही अडखळली नाही. मी कधीही चालवली नव्हती इतकी सुरेख ती त्या दिवशी चालली, आणि मला त्याची लाज वाटत होती.

नाशकात बाळंतपणाच्या दवाखान्यात बाजेसकट आत नेलं. मी आणि गफूरभाई बाहेर पायरीवर बसलो. ऊन चांगलं वर आल्यावर तिथल्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, ‘‘आई वाचली. मूल नाही. मुलगा होता. थोडं आधी आणायला हवं होतं.’’

एवढंच. रागाने नाही, सहज म्हणाल्या. नवरा माझ्या पाया पडायला वाकला. मी मागे सरलो. त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर मी उभा राहिलो असतो.

‘‘थोडं’’ म्हणजे किती, हे मी त्या बाईंना विचारू शकलो असतो. विचारलं नाही. परतताना गफूरभाई म्हणाले, ‘‘सदुभाऊ, तू काढली असतीस आणि ती चढावर बसली असती तर दोघं गेली असती.’’

‘‘आणि बसली नसती तर?’’

त्यांनी आभाळाकडे बोट केलं. मग म्हणाले, ‘‘हे त्यालाच ठाऊक.’’

बेअरिंगचं असंच असतं. जळलं तर कळतं. न जळलेलं बेअरिंग, घाईने काढलं असतं तर जळलं असतं का, हे कुणालाच कधी कळत नाही. मी बरोबर वागलो की चुकलो, याचा पुरावाच माझ्या थांबण्याने पुसून टाकला होता. पुढे वर्षभर रोज सकाळी गाडी तापवताना मी स्वतःला विचारत राहिलो, त्या दिवशी थांबलास तो त्या बाईसाठी की गाडीच्या मायेने? हात टाकीवर असे, ऊब येई, पण ते भरून येणं बंद झालं. थांबत होतो ते फक्त थांबायला हवं म्हणून.

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी म्हातारी पुन्हा चिंचेखाली दिसली. मागे सून होती, स्वतःच्या पायांनी चालत. तिचं पोट चांगलं पुढे आलं होतं. त्या दोघींना मी लांबूनच ओळखलं. मी गाडीच्या तोंडाशी वाकून राहिलो, जणू पाहिलंच नाही.

म्हातारी थेट पुढे येऊन उभी राहिली. ‘‘डायवरदादा, वळख हाय का?’’

‘‘आहे मावशी. आता... काय झालं?’’

‘‘काय नाय झालं. अजून वेळ हाय तिला. नाशकाला दवाखान्याजवळ माझी भाची हाय, तिच्याकडं नेऊन ठेवते. आवंदा आधीच.’’ आणि ती शेजारच्या दगडावर बसली. ‘‘तापीव तुझी. आमाला घाई नाय.’’

इंजिन सुरू झालं होतं. गाडीत बसलेला एक व्यापारी नेहमीप्रमाणे करवादला, ‘‘किती वेळ हे नाटक? स्टेशनवर गाडी चुकेल माझी!’’

म्हातारीने मान वळवली. ‘‘गप बस की रं बाबा. आत कोरडं हाय अजून. वली व्हऊ दे.’’

मी तिच्याकडे बघतच राहिलो. मी हे तिला कधी सांगितलं नव्हतं. वर्षापूर्वी गफूरभाई तिच्या मुलाला जे ओरडून सांगत होते तेवढंच तिने ऐकलं होतं, बाकीचं तिने पडद्याच्या फटीतून माझ्या हातावरून वाचलं होतं. त्या धीराने मी विचारलं. आवाज इतका हळू की इंजिनाच्या खडखडाटात दुसऱ्या कुणाला ऐकू गेला नसता. ‘‘मावशी, त्या दिवशी मी लगेच निघालो असतो तर पोर वाचलं असतं का?’’

सून लांब चहावाल्यापाशी उभी होती. म्हातारीने तिच्याकडे एकदा बघून घेतलं आणि मग म्हणाली, ‘‘तू घटकाभर थांबला. म्या रातभर थांबले.’’

मला कळलं नाही. ती माझ्याकडे न बघता बोलत होती.

‘‘सांजच्यालाच पोरगा म्हनला, आई, बाज बांधू, वणीला नेऊ. म्या म्हनलं, थांब. माझ्या हातानं आडवी लेकरं फिरवलीत म्या, साऱ्या डोंगरच्या बायांची. माझा हात कधी चुकला नाय. फिरतंय, फिरतंय असं वाटत ऱ्हायलं. लय बरं वाटत व्हतं हाताला. म्हनून थांबले.’’ तिने आपला हात पदराखाली घेतला. ‘‘हे कुनाला इचारू म्या? पोराला? सुनेला? तू मला इचारलंस, तुला इचारायला मानूस तरी गावलं.’’

‘‘मावशी...’’

‘‘बोलू नको. बघ तुझी.’’

मी टाकीवर हात ठेवला. अजून गारच होती. म्हातारी दगडावरून उठली, माझ्या शेजारी आली आणि गोणपाट बाजूला करून तिने आपला हात माझ्या हाताशेजारी पत्र्यावर ठेवला. पोटावर ठेवतात तसा, बोटं पसरून, दाब न देता. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. व्यापारी काही तरी बोलत होता. गफूरभाई त्याला काहीतरी उत्तर देत होते. आत, काळोख्या लोखंडात, पाणी आपलं आपण वर यायला लागलं होतं, कुणी ढकलल्याशिवाय, कुणी ओढल्याशिवाय. वर्षभर जे थांबलं होतं ते माझ्या छातीत पुन्हा भरून आलं, आणि या वेळी मी ते अडवलं नाही.

तिला माझ्याआधी कळलं.

‘‘आली,’’ ती म्हणाली. हात काढून घेतला, सुनेला हाक मारली, आणि गाडीत चढताना मला म्हणाली, ‘‘चल आता.’’